काचेत निम्मं

[दृश्य : सांगली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा खांब, त्यावर रंगवलेल्या फुटांच्या खुणा]

पातळी म्हणजे काय, हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचा सकाळचा पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला किती?" ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या आसपास गेला, तेव्हा निम्मं गाव दुसऱ्याच्या गच्चीवर होतं.

आज बघायची आहे ती पातळी नदीची नव्हे.

[दृश्य : रात्र. साखर कारखान्याची चिमणी, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग]

डिसेंबर महिना. गळीत हंगाम भरात आहे आणि बारा ते आठची पाळी सुरू झालीय. जिल्ह्यातला एक कारखाना. नाव नको, कारण ही गोष्ट कुठल्याही कारखान्याची असू शकते.

[दृश्य : बॉयलरचा गेज ग्लास, अगदी जवळून]

या जाड काचेत दिसतंय ते बॉयलरच्या ड्रममधलं पाणी. कमी पडलं, तर नळ्या कोरड्या पडून तापतात, फुटू शकतात. जास्त झालं, तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळतं. इथे फुटांचा हिशोब नाही. चार इंच इकडेतिकडे झालं तरी पळापळ होते.

बरं, बॉयलर फसवतोही. वाफेची मागणी एकदम वाढली की दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी कमी होत असतानाच काचेतली पातळी वर चढते. दूध उतू जाताना भांड्यातलं दूध काही वाढलेलं नसतं, तसंच. म्हणून नुसत्या पातळीवर विसंबत नाहीत. बाहेर जाणारी वाफ किती आणि आत येणारं पाणी किती, हेही पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, बघतो आणि मग पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवतो.

या बॉयलरला एक खोड लागली होती. मिल थांबून परत सुरू झाली, वाफ ओढली गेली, की पातळी खाली आणि अलार्म सुरू. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून हेच चाललेलं.

[दृश्य : सांगली, विश्रामबाग. टेबलावर लॅपटॉप, वही, थंड झालेला चहा]

कारखान्यापासून ४० किलोमीटरवर, घरातल्या टेबलाशी बसलेल्या या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. कारखान्यात सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. आत जाणारं पाणी तासाला साधारण ६० टन. बाहेर पडणारी वाफ ४५ टन. मग उरलेले १५ टन गेले कुठे? ब्लोडाउनला, म्हणजे क्षार काढायला मुद्दाम सोडून देतात त्या पाण्याला, एवढं जात नाही.

उत्तर जुन्या कागदात सापडलं. ऑफसीझनला वाफेचा फ्लो ट्रान्समीटर, म्हणजे वाफ मोजून पीएलसीला कळवणारं उपकरण, बदललं होतं. जुना शून्य ते ६० टनांचा, नवा शून्य ते ८० चा. ट्रान्समीटर बदलला, पीएलसीतली रेंज बदलायची राहिली. ट्रान्समीटर रेंजच्या तळाला ४ मिलिअँपिअर पाठवतो, टोकाला २०. आता १६ पाठवतोय, म्हणजे पंचाहत्तर टक्के. ६० चे पंचाहत्तर टक्के ४५, ८० चे ६०. वाफ २० टनांनी वाढली, तर पीएलसीला ती १५ नेच वाढलेली दिसत होती. पाणी तेवढंच कमी सुटायचं.

म्हणजे करायचं काय? ६० खोडून ८० लिहायचं. एवढंच!

[दृश्य : क्षणभर काळा पडदा]

इथे माझी जरा खाजगी गोष्ट सांगतो. निवेदनाकडे वळण्याआधी मीही याच धंद्यात होतो. असाच एक आकडा मी एकदा लांबून बदलला, लूप ऑटोवर असताना, म्हणजे व्हॉल्व्ह पीएलसीच्या हातात असताना. एंटर दाबलं आणि पीएलसीच्या लेखी वाफ एका क्षणात १५ टनांनी वाढली. त्यानं इमानदारीत पाण्याचा व्हॉल्व्ह धाडकन उघडला. माझ्या स्क्रीनवर आलेख मागून येत होता, त्यामुळे पाणी भरून वर आलंय हे मला कळायच्या आत तिथल्या फायरमननं, म्हणजे बॉयलर सांभाळणाऱ्यानं, लूप मॅन्युअलवर, स्वतःच्या हातात घेतला होता. मग त्यांचा फोन आला. ते काय बोलले, ते इथे ऐकवण्यासारखं नाही.

[दृश्य : मॅडम फोनवर]

म्हणून मॅडम आधी लॅपटॉप नाही, फोन उचलतात. पलीकडे बॉयलरपाशी मामा, तिथले फायरमन.

"मामा, काचेत किती दिसतंय?"

"निम्म्याला हाय बघा. स्क्रीनवर पन दोनच टक्क्याचा फरक."

"मिल?"

"एकसारखी चाललीय. तासभर तरी थांबायची न्हाई, गव्हाणीवर इचारलंय."

मग दार उघडतं, तेही कारखान्याच्या बाजूनं. शिफ्ट इंजिनिअर परवानगी देतो, मोबाइलवर कोड येतो, मधल्या एका संगणकावरून आत जायला मिळतं. मुदत दोन तास, नंतर आपोआप बंद. पूर्वी हेच काम कुठल्यातरी फुकटच्या स्क्रीन शेअरिंगवर चालायचं आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असायचा. अजूनही काही ठिकाणी असतो.

आत गेल्यावर पहिलं काम बदल करणं नाही. पीएलसीत सध्या जो प्रोग्राम चाललाय तो उतरवून घेणं, आणि आपल्याकडच्या प्रतीशी ताडून बघणं. मधल्या काळात कुणी रात्री-अपरात्री काय बदललंय, याचा भरवसा नसतो.

दुसरं काम शोध. हा वाफेचा आकडा आणखी कोण वाचतं? या रात्री चार ठिकाणं निघाली. पाण्याचा लूप, वाफेचा एकूण हिशोब, रोजचा रिपोर्ट आणि बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, भट्टीत सोडणारा फीडर. हा चौथा महत्त्वाचा. वाफ वाढलेली दिसली की फीडर जोरात फिरून भट्टीत जादा बगॅस ढकलणार. पाण्याकडेच लक्ष देऊन बसलं असतं, तर आग भडकली असती.

"मामा, फीडवॉटर आणि फीडर, दोन्ही मॅन्युअलवर घ्या."

"फीडवॉटर मॅन्युअल, फीडर मॅन्युअल. घेतलं."

"मध्येच फोन कट झाला, लाइन गेली तर?"

"मॅन्युअलवरच ऱ्हाऊ द्यायचं. काच सोडून हलायचं न्हाई. तुमचा फोन आल्याबिगर ऑटो न्हाई."

हे परत म्हणून दाखवणं फार मोलाचं. लाइन गेली तर काय करायचं, हे नेटवर्कवाल्यांनी यंत्रालाच शिकवलंय. जुनिपरच्या राउटरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' अशी आज्ञा असते. दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा होकार दिला नाहीत, तर बदल आपोआप मागे घेतला जातो, म्हणजे बसलेली फांदी तोडली तरी माणूस खाली पडत नाही. बॉयलरला अशी सोय नसते. तिथे मामा असतात.

[दृश्य : पीएलसीच्या पॅनलमध्ये चावी फिरवणारा हात]

शेवटची परवानगी या चावीची. ती 'रन'वर असेल तर लांबून प्रोग्रामला हात लावता येत नाही. शिफ्ट इंजिनिअर ती 'रिमोट'वर फिरवतो आणि पॅनलपाशीच उभा राहतो. २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन नावाचा घातकी प्रोग्राम थेट सुरक्षा यंत्रणेत घुसला. त्या कंट्रोलरची चावी 'प्रोग्राम'वर राहून गेली होती.

६० च्या जागी ८०. पूर्ण डाउनलोड नाही, त्यात अनेक पीएलसी क्षणभर थांबतात. फक्त ऑनलाइन बदल, म्हणजे पीएलसी चालू असतानाच. वाफेचा आकडा ४५ वरून ६० वर उडी मारतो. व्हॉल्व्ह जागचा हलत नाही.

"मामा?"

"निम्मं."

पाच मिनिटं कुणी काही करत नाही. मग आधी पाणी ऑटोवर, आणि ते स्थिरावल्यावर फीडर.

शिफ्ट इंजिनिअरनं मध्येच विचारून बघितलं, आलाच आहात तर लो-लो ट्रिपची, म्हणजे पाणी फार उतरलं की बॉयलर आपोआप बंद पाडणारी, मर्यादा थोडी खाली घेता का, सारखं ट्रिप होतंय. मॅडम हसल्या. "पुलावरची पंचेचाळीसची खूण पन्नासवर रंगवली म्हणून कृष्णा थांबते का?" ट्रिपला लांबून हात लावायचा नाही. त्यासाठी त्या स्वतः येतील, तेही बॉयलर बंद असताना.

[दृश्य : पहाट. मिल थांबते, पुन्हा सुरू होते. स्क्रीनवरची रेघ]

पावणेपाचला मिल थांबली आणि वीस मिनिटांनी परत चालू झाली. रेघ किंचित वाकली, सरळ झाली. अलार्म वाजला नाही.

[दृश्य : नोंदवही]

चावी 'रन'वर गेली, काढली गेली, खिळ्याला लागली. मामांनी बगॅसच्या धुळीनं माखलेली वही पुढं ओढली आणि लिहिलं : वाफ फ्लो रेंज, जुनी ६०, नवी ८०. मॅडमनी सांगलीहून बदलली. चावी शिफ्ट साहेबांनी फिरवली. काचेत निम्मं.