आधी नाक, मग जीभ

मंडळी, तुमच्यापुढे दोन ग्लास आहेत. डावीकडे आयर्लंडची व्हिस्की रेडब्रेस्ट 12, उजवीकडे स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लागावुलिन 16; आकडे मुरवल्याच्या वर्षांचे. दोन्हींत 15 मिलीच ओतली आहे, चाखायला तेवढी पुरते. बर्फ मुद्दामच ठेवलेला नाही. गारठ्याने वास दबतो, आणि चव ओळखण्याचं बरंचसं काम नाक करतं.

ग्लास पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळता हवा. वाईनसारखा गरागरा फिरवू नका. व्हिस्कीत वाईनच्या तिप्पट-चौपट अल्कोहोल असतं, फिरवलं की तेच आधी नाकात चढतं आणि पुढे काही वेळ दुसरं काही कळत नाही. आपल्या मे महिन्यात पंख्याखाली बसलात तर न फिरवताही तेच होतं. म्हणून खोली गार करा, उदबत्ती लावू नका, आणि जेवणानंतरचं पान या बैठकीनंतर खा.

ग्लास आधी हनुवटीशी धरा. तोंड किंचित उघडं ठेवून हळू श्वास घ्या, मग ग्लास नाकाशी आणा. झोंबलं तर मागे घ्या. नाक थकलं वाटलं की स्वतःची बाही हुंगा, ते पुन्हा जागेवर येतं.

आता डावा ग्लास. मनुका, भाजलेले बदाम, मागून लवंग-मिरीसारखा तिखटपणा, आणि घोट घेतल्यावर जिभेवर तेलकट साय. आयरिश व्हिस्की तीनदा गाळतात म्हणून मऊ, असं सर्रास सांगतात. ते अपुरं आहे. स्कॉटलंडची ऑखेन्टोशनही तीनदा गाळली जाते, आणि आयर्लंडची कोनेमारा दोनदाच, तीही धुरकट. रेडब्रेस्टची खरी ओळख तिच्या धान्यात आहे. मटकीला आणतो तसे बार्लीला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. रेडब्रेस्ट ज्या प्रकारची आहे त्या आयरिश पॉट स्टिल, म्हणजे तांब्याच्या भांड्यात गाळलेल्या व्हिस्कीत किमान 30 टक्के माल्ट आणि किमान 30 टक्के मोड न आणलेली बार्ली लागते. ही कच्ची बार्ली आली 1785 च्या माल्टवरच्या करामुळे. कर वाचवण्यासाठी कच्चं धान्य मिसळू लागले, आणि कर गेला तरी ती साय आणि तिखटपणा लोकांना हवासा राहिला.

उजवीकडच्या लागावुलिनमधला धुराचा वास माल्ट वाळवतानाच शिरतो. मोड आलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींच्या जाळावर सुकवतात. टिंक्चर आयोडीनसारखा वास त्या धुरातल्या फिनॉल्स नावाच्या रसायनांचा. बाटलीबद्दल पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉल्स किती याचा, जो आकडा सांगतात तो बहुतेकदा माल्टचा असतो. गाळताना आणि पिंपात मुरताना त्यातलं बरंच कमी होतं, म्हणून आकड्यावरून बाटली निवडू नका.

पहिला घोट फक्त तोंड ओलं करण्यापुरता, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट दहा सेकंद तोंडात फिरवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. लागावुलिनचा धूर तेव्हा खरा कळतो.

मग ड्रॉपरने पाणी, एका वेळी चार-पाच थेंब, आणि दर वेळी पुन्हा हुंगायचं. धुरकट वास देणारा ग्वायकॉल नावाचा घटक अल्कोहोल कमी झालं की पृष्ठभागाकडे येतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर रेणूंचं गणित मांडून दाखवलं. थेट पिंपातली 60 टक्के अल्कोहोलची व्हिस्की असेल तर 15 मिलीला 5 मिली पाणी घातलं की ती 45 वर येते. क्लोरीनचा वास असलेलं नळाचं पाणी मात्र नको. पाण्याने व्हिस्की किंचित गढुळली तर घाबरू नका. थंड करून गाळणीतून काढलेली (चिल-फिल्टर केलेली) नसली की तिच्यातली एस्टर्स नावाची संयुगं अशी दिसू लागतात.

ग्लास लगेच धुऊ नका. रिकामे, कोरडे होऊ द्या आणि उद्या सकाळी हुंगा. अल्कोहोल उडालेलं असेल, मागे पिंपाचं लाकूड आणि राख उरलेली असेल.