अस्वलाचं तेल

[दृश्य: ओझार्कचे डोंगर, शरद ऋतू. ओकच्या झाडाखाली फळांचा सडा.]

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, व्हाइट नदीच्या काठाला ऑइल ट्रफ, म्हणजे ‘तेलाची डोणी’, नावाचं छोटं गाव आहे. शिकारी लोक ओंडके कोरून त्यांच्या डोण्या करायचे, त्यात अस्वलाची कढवलेली चरबी भरायचे आणि नदीनं खाली न्यू ऑर्लीन्सकडे धाडायचे. गावाला नाव पडलं ते त्यावरून, असं सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, व्यापार मात्र पक्का होता. अठराव्या शतकात न्यू ऑर्लीन्सच्या स्वयंपाकघरांत लोणी आणि ऑलिव्ह तेलाची उणीव हेच तेल भरून काढायचं.

एवढी चरबी येते कुठून? थंडीच्या झोपेआधी काळं अस्वल खातच सुटतं. दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत त्याची मजल जाते. पाठीवर, पुठ्ठ्यावर चरबीचा जाड थर चढतो. आणि खाल्लेलं त्या थरात उतरतं. ओकची फळं आणि रानबोरं खाल्लेल्या अस्वलाच्या चरबीला वास जवळजवळ नसतोच. माशांवर किंवा कचराकुंडीवर पोसलेल्या अस्वलाची चरबी मात्र भांडं चुलीवर चढलं की घराबाहेर काढते.

[दृश्य: लोखंडी भांडं, मंद आच. पांढरे तुकडे हळूहळू पारदर्शक होताहेत.]

कढवायची रीत आपल्या ओळखीची आहे. मांसाचा कण न कण काढून टाकायचा, कारण खवटपणा तिथूनच सुरू होतो. चरबीचे बारीक तुकडे करायचे, तळाला लागू नये म्हणून थोडं पाणी घालायचं आणि आच मंद ठेवायची. घाई केली की तेल तांबूस होतं, करपट वास धरतं. तुकडे आक्रसून तांबूस झाले की फडक्यातून गाळायचं. तूप कढवल्यावर बेरी उरते तसा मागे चोथा राहतो, तो मीठ लावून खातात.

बरणीतलं तेल गार झालं की पांढरं होतं, पण दगडासारखं थिजत नाही. गाईच्या चरबीपेक्षा यात असंतृप्त स्निग्धाम्लं जास्त असतात, म्हणून ते मऊ, निम्मं पातळ राहतं. माझ्या मते या तेलाची सगळी किंमत या एका गुणात आहे.

बूट घ्या. बर्फात गाईची चरबी कातड्यावर कडक होऊन तडकते, हे तेल शिवणीत मुरतं आणि पाणी बाहेर ठेवतं. ठासणीच्या बंदुकीत गोळीभोवती जी चिंधी गुंडाळतात, ती याच तेलात भिजवलेली असायची. गोळी नळीतून सहज खाली जायची, दारूची काजळी मऊ राहायची आणि लोखंडाला गंज चढत नसे. जुन्या पद्धतीच्या बंदुका हौसेनं चालवणारे लोक आजही हेच वापरतात. दिव्यात जळायचं, अंगाला चोळायचं, ते वेगळंच. स्वयंपाकात याचं मोहन घातलं की ‘पाय’ नावाच्या तिथल्या भाजलेल्या, सारण भरलेल्या पदार्थाचं आवरण असं खुसखुशीत होतं, की तिथल्या आज्या डुकराच्या चरबीला हात लावायच्या नाहीत.

[दृश्य: नदीकाठ, जुनं रेखाचित्र.]

गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासून मिसिसिपीकाठच्या आदिवासी जमाती हे तेल काढत होत्या. हरणाचं कातडं पोट न चिरता अख्खं ओढून काढायचं, भोकं बांधायची, झाली पखाल. अशी भरलेली एक पखाल हेच व्यापाराचं माप होतं. न्यू ऑर्लीन्स ज्यात येतं त्या लुइझियाना प्रांतात राहिलेल्या एका फ्रेंच माणसानं तेल शुद्ध करायची रीत लिहून ठेवली आहे. तापलेल्या तेलात तमालासारखी सुगंधी पानं टाकायची, मग वरून खारट पाण्याचे शिंतोडे मारायचे. भडका उडाल्यासारखं तडतडतं, धूर उठतो आणि वास त्या धुराबरोबर निघून जातो. आठ-दहा दिवस निवू दिलं की वर नितळ तेल, खाली पांढरी चरबी. घरी करून बघू नका, तापल्या तेलात पाणी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे.

लंडनच्या न्हाव्यांनी तर या चरबीचं सोनं केलं. अस्वल केसाळ, म्हणजे त्याच्या चरबीनं टक्कल भरणार, असा साधा हिशेब! एकोणिसाव्या शतकापर्यंत डबे खपले. त्यातल्या कितीतरी डब्यांत डुकराची चरबी आणि वरून अत्तर असायचं.

आर्कान्सात शिकार आणि जंगलतोड इतकी झाली की १९३०च्या दशकात तिथे पन्नासेक अस्वलंही उरली नव्हती. १९५८ ते १९६८ या काळात मिनेसोटा आणि कॅनडाच्या मॅनिटोबातून अडीचशेवर अस्वलं आणून सोडली, तेव्हा कुठे संख्या सावरली. शिकारीचा हंगाम परत सुरू झाला तो १९८०मध्ये. पूर्वी चरबी कापून रानात टाकून देणारे शिकारी आता पुन्हा बरण्या भरू लागले आहेत.

[दृश्य: आठवडी बाजार, रस्त्याकडेला मांडलेल्या बाटल्या.]

आपल्याकडेही गुडघेदुखीवर ‘अस्वलाचं तेल’ विकणारे भेटतात. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत आढळणारं आपलं अस्वल थंडीत महिनोन्‌महिने झोपत नाही, त्यामुळे चरबीचा तसला साठाही करत नाही. म्हणजे बाटलीत बहुधा भलतंच काही असतं. आणि समजा माल अस्सल निघाला, तर अस्वल १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा विकणाऱ्यावर दाखल होतो, तसाच घेणाऱ्यावरही.