नाडीची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

घरोघरी आता रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते आणि यंत्राशेजारी एक वहीही असते. साठी ओलांडलेले माझे अनेक रुग्ण ती वही पुढे सरकवताना खालच्या आकड्यावर बोट ठेवून समाधानाने सांगतात, ‘डॉक्टर, वरचा जरा चढा आहे, पण खालचा एकदम नॉर्मल.’ वहीत १६८ आणि ७० असे लिहिलेले असते. त्यांचे समाधान मोडणे माझ्या जिवावर येते, कारण या दोन आकड्यांमधले ९८ चे अंतर हेच मुळात दुखणे असते, आणि त्या दुखण्याचे नाव आहे धमन्यांचा ताठरपणा.

धमनी म्हणजे नुसता नळ नव्हे. हृदय आकुंचन पावते तेव्हा महाधमनी फुगते आणि बाहेर आलेल्या रक्ताचा मोठा वाटा क्षणभर स्वतःत सामावून घेते. हृदय विसावते तेव्हा ती पूर्ववत होत तेच रक्त पुढे ढकलते. तिचा हा लवचीकपणा गेला की फुगणे कमी होते, म्हणून वरचा दाब चढतो, आणि विश्रांतीच्या वेळी पुढे ढकलायला फारसे काही उरत नाही, म्हणून खालचा दाब उतरतो. एक गोष्ट मुद्दाम सांगतो: हा धमनीतला अडथळा नव्हे. अडथळा वेगळा, ताठरपणा वेगळा. अँजिओग्राफीत धमनी मोकळी दिसावी आणि तरीही ती ताठर असावी, असे सर्रास घडते.

हा ताठरपणा मनगटावर, कागदाच्या पट्टीवर ज्याने वाचून दाखवला, त्या तरुणाची गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. ती सुरू होते पाटण्यात. तिथे १७५९ साली जन्मलेले दीन मुहम्मद ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेबरोबर वाढले, १७८४ साली आयर्लंडला गेले, तिथल्या मुलीशी लग्न करून स्थायिक झाले आणि १८१० साली त्यांनी लंडनमध्ये भारतीय पद्धतीचे खाद्यगृह काढले. खाद्यगृहाचे दिवाळे निघाले. तेव्हा त्यांनी समुद्रकाठच्या ब्रायटन गावी वाफारा आणि चंपीचा धंदा थाटला, आणि तो असा चालला की इंग्लंडचा राजासुद्धा त्यांचे गिऱ्हाईक झाला. आज आपण केसांना जो शॅम्पू लावतो, तो शब्द आपल्याच ‘चंपी’च्या कुळातला आहे, पण बाटलीवर इंग्रजी अक्षरे दिसली की आपल्याला ती वस्तू विलायतीच वाटते, हा आपला जुना आजार आहे आणि त्याला माझ्याकडे औषध नाही.

या दीन मुहम्मदांचा नातू म्हणजे फ्रेडरिक अकबर महोमेद. जन्म १८४९ चा, ब्रायटनचाच. तो लंडनच्या गाय्ज रुग्णालयात वैद्यकी शिकायला आला, तेव्हा रक्तदाब मोजण्याचा पट्टा अस्तित्वातच नव्हता. वैद्य नाडीवर बोटे ठेवून ‘कठीण’, ‘मऊ’, ‘भरलेली’ असे अंदाज सांगत. फ्रान्समधल्या एत्येन-जूल मारे यांनी १८६० च्या सुमारास नाडीचा आलेख काढणारे एक यंत्र बनवले होते. मनगटावरच्या नाडीवर एक छोटी गादी टेकवायची, तिची हालचाल एका लांब तरफेने मोठी करायची आणि घड्याळाच्या चाकांवर सरकणाऱ्या पट्टीवर तरफेच्या टोकाने रेघ ओढायची. यंत्र देखणे होते, पण नाडीवर गादी किती जोराने दाबली आहे हे त्यातून कळत नसे. त्यामुळे आज काढलेली रेघ उद्याच्या रेघेशी ताडून पाहता येत नसे. महोमेदने विद्यार्थी असतानाच यंत्रात सुधारणा करून हा दाब वजनाच्या मापात मोजण्याची सोय केली आणि १८७२ साली, तेविशीच्या आत-बाहेर असताना, ते काम प्रसिद्ध केले.

आता ती रेघ डोळ्यांसमोर आणा. तरुण माणसाची रेघ झपकन चढते, टोकदार शिखर करते आणि उतरताना मध्ये एक लहानशी उसळी घेऊन खाली येते. ताठर धमनीची रेघ चढते, पण लगेच उतरत नाही. शिखराजवळच तिला एक रुंद खांदा फुटतो, जणू लाट माथ्यावर अडून राहिली आहे. महोमेदला हा खांदा मूत्रपिंडाच्या रुग्णांत दिसला. पुढे तो अशा रुग्णांतही दिसला, ज्यांच्या लघवीत अजून प्रथिने, म्हणजे मूत्रपिंड बिघडल्याची खूण, उतरायला लागलेली नव्हती. आणि अखेरीस तो हिंडत्याफिरत्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या माणसांतही दिसला. म्हणजे रक्तदाब हा मूत्रपिंडाच्या आजाराचा परिणाम असतो एवढेच मानले जात असताना, या पोराने सांगितले की दाब आधी चढतो आणि तो धडधाकट दिसणाऱ्या माणसातही चढलेला असू शकतो. आज आपण ज्याला ‘काहीच त्रास नसलेला बीपी’ म्हणतो, तो त्याने मनगटावरच्या रेघेत वाचला होता.

१८८४ साली विषमज्वराने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. पुढे १८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांचा दंडाचा पट्टा आला, १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची युक्ती दिली, आणि सगळ्या जगाला दोन आकडे मिळाले. आकडे मिळाले आणि रेघ गेली. सोयीपायी आपण लाटेचा आकार टाकून तिची फक्त उंची आणि खोली ठेवली. सिडनीचे हृदयरोगतज्ज्ञ मायकेल ओ’रूर्क यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाडीच्या आकाराचे शास्त्र पुन्हा उभे केले आणि महोमेदचे ऋणही मोकळेपणाने सांगितले.

आज ताठरपणा मोजतात तो नाडीच्या लाटेच्या वेगावरून. मालगाडीला इंजिनाने धक्का दिला की खडखडाट शेवटच्या डब्यापर्यंत झटकन पोचतो, डबे मात्र जागचे जेमतेम हललेले असतात. तशी ही लाट रक्ताच्या कितीतरी पुढे धावते. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर लाट कधी पोचली, यातला फरक मोजून वेग काढतात. निरोगी तरुणात तो सेकंदाला पाच-सहा मीटरच्या आसपास असतो. १० मीटरच्या वर गेला की महाधमनी ताठर झाली असे समजतात. पुन्हा सांगतो, धमनी जितकी ताठर, तितकी लाट वेगवान.

ताठरपणा येतो कशाने? धमनीच्या भिंतीतले लवचीक तंतू बहुतांशी बालपणीच तयार होतात आणि पुढे जन्मभर पुरवून वापरावे लागतात. दर ठोक्याला ताणले जाऊन ते विरतात आणि त्यांची जागा चिवट तंतू घेतात. रक्तातली साखर या चिवट तंतूंना एकमेकांशी जखडते. दूध आणि साखर आटवताना कंदी पेढ्याला जो तांबूस रंग येतो, त्याच जातीची ही क्रिया, फक्त तिथे कढईत तासाभरात होते आणि इथे वर्षानुवर्षे चालते. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, तंबाखू आणि मीठ यांनी ताठरपणा आणखी वाढतो.

उपचाराबाबत एक जुना समज आधी काढून टाकू. ‘शंभर अधिक वय’ इतका वरचा दाब चालतो, असे मी विद्यार्थी असताना सर्रास ऐकले आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, फक्त वरचा दाब वाढलेल्या वृद्धांना लघवी वाढवणाऱ्या स्वस्त गोळीपासून सुरुवात करून उपचार दिले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. तंतूंची जखडण सोडवणारे एक औषधही माणसांवर आजमावले गेले. सुरुवात आशादायक होती, पण ते बाजारापर्यंत पोचले नाही. २००६ साली आणखी एक गोष्ट दिसली. दोन प्रकारच्या औषधांनी दंडावरचा दाब जवळजवळ सारखाच राहिला, पण अॅटेनोलॉल या रक्तदाबाच्या जुन्या गोळीवर आधारित उपचार घेणाऱ्यांच्या महाधमनीतला वरचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४ मिलिमीटरने जास्त निघाला. म्हणून गोळी कोणती, हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नये. नियमित भरभर चालण्याने आणि मीठ कमी केल्याने धमन्या काही प्रमाणात सैलावतात, हे मात्र वारंवार दिसले आहे. आणि मीठ म्हणजे केवळ भाजीतले नव्हे, पापड, लोणचे आणि फरसाणातलेही.

वहीवाल्या माझ्या रुग्णांना मी अलीकडे एक तिसरा रकाना आखायला लावतो. वरचा, खालचा आणि दोघांतले अंतर. परवा एक आजोबा वही घेऊन आले, तेव्हा त्यांनी खालच्या आकड्यावर बोट ठेवले नाही. तिसऱ्या रकान्यातल्या ८४ वर ठेवले आणि म्हणाले, ‘मागच्या खेपेला ९८ होते.’