मोहन पार्कातले ठराव

20 जुलै 1942. नागपूरच्या मोहन पार्कात दलित वर्ग महिला परिषद भरली. सुमारे 25 हजार बायका आल्या होत्या. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. 18 ते 20 जुलै या तीन दिवसांत नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या दलितांच्या राजकीय पक्षाचीही स्थापना झाली. बाबासाहेब आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून नुकतीच नेमणूक झाली होती.

एखाद्या समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब या परिषदेत म्हणाले. ते वाक्य आज भिंतींवर, कॅलेंडरांवर, भाषणांत सगळीकडे आहे. पण ज्या बायकांसमोर ते उच्चारलं गेलं, त्या स्वतः काय म्हणाल्या? तेही तितक्याच मोठ्यानं सांगायला हवं.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, जाईबाई चौधरींपर्यंत.

जाईबाईंचा जन्म 1892 चा, उमरेडचा. दुष्काळात घरदार नागपुरात आलं. लहान वयात लग्न झालं आणि पोटासाठी त्या हमाली करू लागल्या. डोक्यावर ओझं घेऊन नागपूर-कामठीच्या वाटेनं पायपीट करायची. आज कामठी रोडवरून मेट्रोनं जाताना ते अंतर जाणवत नाही. भर उन्हात डोक्यावर बोजा असला की पावलापावलाला जाणवतं.

ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळवून दिली. पगार महिन्याला 4 रुपये. आपल्या मुलांना शिकवणारी बाई ‘अस्पृश्य’ आहे, हे कळताच सवर्ण पालक बिथरले, मुलं शाळेत पाठवेनात. जाईबाईंची नोकरी गेली. पुन्हा डोक्यावर ओझं.

याच जाईबाईंनी 1922 मध्ये नागपुरात मुलींसाठी शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचं नाव दिलं. देवळाच्या बाहेर उभं राहावं लागलेल्या संताचं नाव, वर्गाच्या बाहेर काढलेल्या बाईनं, आत बसायला येणाऱ्या मुलींच्या शाळेला दिलं. हे नाव त्यांनी किती विचारानं निवडलं असेल!

त्याच काळात एम्प्रेस मिलचा भोंगा अर्ध्या नागपूरचं घड्याळ होता. टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली ही कापड गिरणी. तिच्या जागेवर आता मॉल आहे. तिथं राधाबाई कांबळे काम करत. पुढं त्या कामगार पुढारी झाल्या. मजुरांची स्थिती तपासायला सरकारनं 1929 मध्ये शाही आयोग नेमला, त्याच्यापुढं राधाबाईंनी साक्ष दिली. गोऱ्या साहेबांसमोर एक गिरणी कामगार बाई बायकांच्या कामाचं गाऱ्हाणं मांडते आहे, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकात कुठंच नाही.

मग आला डिसेंबर 1937. नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. देशभरातल्या शिकलेल्या, सुधारकी घरांतल्या बायका आल्या होत्या. जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणीही गेल्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांची पंगत वेगळी, लांब मांडली गेली. बाईच्या हक्कांची चर्चा ऐकून उठायचं आणि ताटाशी पोचल्यावर आपली जात काय ते ऐकायचं!

1 जानेवारी 1938 ला या बायकांनी स्वतःची सभा घेऊन निषेध केला. माझ्या मते वळण इथं आहे. दुसऱ्यांच्या मांडवात जागा मागण्यापेक्षा आपला मांडव घालावा, हे त्या सभेनं दाखवून दिलं, आणि साडेचार वर्षांनी मोहन पार्कात तो मांडव उभा राहिला.

तिथले ठराव वाचताना चूल, गिरणी आणि नवरा-बायकोचं नातं एकाच कागदावर दिसतं. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा. एकीवर दुसरी करण्याची चाल कायद्यानं बंद व्हावी. मिलमधल्या, बिडी कारखान्यांतल्या, नगरपालिकेतल्या, रेल्वेतल्या बायकांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, त्याशिवाय महिनाभराची हक्काची रजा, इजा झाली तर भरपाई आणि 20 वर्षांच्या नोकरीनंतर महिना किमान 15 रुपये पेन्शन. मिलमध्ये बायकांवर देखरेखीला बाईच असावी, हाही ठराव झाला. तो का करावा लागला, हे मिलच्या खात्यात काम केलेल्या बाईला विचारायला नको. मुलींसाठी प्रत्येक प्रांतात सरकारी खर्चानं वसतिगृह हवं, अशीही मागणी होती. सुलोचनाबाई तर अध्यक्षपदावरून संततिनियमनावर बोलल्या, 1942 साली, भर सभेत!

घटस्फोट आणि एकपत्नीत्व हिंदू विवाह कायद्यात 1955 मध्ये आलं. कारखान्यांत पगारी रजा 1945 मध्ये आली, पण दहाच दिवसांची. बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला 1966 उजाडलं. कामठी, भंडारा, गोंदियात ज्या पोरी ठरावाच्या वर्षी तेंदूपत्ता कापायला शिकल्या, त्यांच्या लेकी तोवर बिड्या वळू लागल्या होत्या.