बँकेच्या कागदावरचं कौलारू घर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पर्यटन, कर्जपुरवठा, वीज आणि कार्बन’. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे चारही एकाच छपराखाली सापडतात, म्हणून आधी त्या घराचं सांगतो.

देवबागला माझ्या आतेभावाचं घर होतं. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, त्याखाली लाकडी माळा, पुढे पडवी. मे महिन्यात भर दुपारी पडवीत सुखानं झोप लागायची. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पाहुणे वाढले. दादानं न्याहारी-निवासासाठी चार खोल्या काढायचं ठरवलं आणि बँकेत गेला. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, आला, घराभोवती एक फेरी मारली आणि लिहून गेला : बांधकाम जुनं, कौलारू, मूल्य नगण्य. कर्ज हवं तर आरसीसीचा नकाशा आणा. त्या कागदाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आजोबांपासूनचे पावसाळे काढलेलं घर एका ओळीत मोडीत निघालं!

कौलं उतरली, स्लॅब पडला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. मग एसी आले. मंजूर भार वाढवून घ्या, थ्री फेज घ्या, मेमध्ये व्होल्टेज पडलं की डिझेलचा जनरेटर लावा. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की साधारण दहा-बारा युनिटं जातात. आपली वीज मुख्यतः कोळशाची, त्यामुळे एका युनिटामागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका खोलीची एक रात्र सात-आठ किलोंची.

‘पाहुणेच एसी मागतात,’ असं मागून कुणी म्हणालं. मागणारच हो, स्लॅबखाली झोपवताय त्यांना!

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा भराभर सांगतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे 8 टक्के पर्यटनाच्या नावावर टाकले. त्यात प्रवास तर आहेच, शिवाय पर्यटकाचं खाणं, खरेदी, राहणं सगळं आलं. वित्तीय विकासाबद्दल, म्हणजे बँका आणि कर्जपुरवठा वाढण्याबद्दल, मात्र अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत : कुठे कर्ज वाढलं तसं उत्सर्जन वाढलं, कुठे घटलं. माझ्या मते गोम मोजण्यात आहे. खासगी क्षेत्राला दिलेलं कर्ज जीडीपीच्या किती टक्के, हा नेहमीचा मापदंड. त्यात दादाचा स्लॅब आणि शेजाऱ्याचं सोलर पॅनेल दोन्ही सारखेच मोजले जातात. कर्ज किती, एवढंच कळतं. कशासाठी, ते कळत नाही. आणि एकदा स्लॅब पडला की कर्ज फिटल्यावरही ते वीजबिल त्या घराला चिकटून राहतं.

म्हणून मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये सुस्थितीतल्या चिऱ्या-कौलाच्या घराला रीतसर किंमत मिळाली पाहिजे. खोल्यांच्या कर्जासोबत छताची आणि विजेची चौकशी झाली पाहिजे, सोलरला व्याजात सवलत पाहिजे. सुरुवात सहकारी बँकांपासून करता येईल. तुमच्यातले कितीतरी जण त्यांचे सभासद आहात. येत्या वार्षिक सभेत ठराव मांडा, मसुदा लिहायला मी तुमच्याबरोबर बसतो.