नव्या सर्च इंजिनाला मराठीतून विचारलेले प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गेल्या महिन्यात नातवाने माझ्या मोबाइलवर एक नवे सर्च इंजिन बसवून दिले. तेव्हा मी ठरवले की पंधरा दिवस त्याच्यावरच विसंबायचे, प्रश्न मराठीतूनच विचारायचे आणि तेही शक्यतो ज्यांची उत्तरे मला आधीपासून ठाऊक आहेत असे. अनोळखी विषयात पडद्यावर येईल ते खरे वाटते. ओळखीच्या विषयातली चूक मात्र लगेच नजरेत भरते.

आपण प्रश्न विचारतो त्या क्षणी सर्च इंजिन जगभर हिंडत नाही. त्याचा प्रोग्राम आधीच संकेतस्थळे वाचून गेलेला असतो आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची त्याने करून ठेवलेली असते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोलावलेल्या ग्रंथपाल बोर्डन यांनी आपल्या ग्रंथालयांची घडी बसवली. तिथे वाचक जसा आधी सूची पाहतो आणि मग पुस्तक मागतो, तसेच हे आहे. पुस्तक ग्रंथालयात असूनही सूचीत नसेल, तर वाचकाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. शिवाय प्रत्येक नवे सर्च इंजिन स्वतःची पूर्ण सूची करतेच असे नाही. २००८ साली सुरू झालेले डकडकगो आपले बरेचसे निकाल बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनाकडून घेते. म्हणून सूची कोणाची, हे आधी विचारावे.

माझा पहिला प्रश्न होता, बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण केव्हा सुरू झाले? यंत्राने पानांची यादी देण्याआधी स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहून दिले: १८९३. हे उत्तर अर्धेच खरे आहे. १८९३ साली हा प्रयोग अमरेली भागात झाला आणि संपूर्ण संस्थानासाठी कायदा आला तो १९०६ साली. उत्तराखाली ज्या पानाचा दुवा होता, ते उघडले तर त्यात दोन्ही साले व्यवस्थित दिलेली होती. तेव्हापासून तयार उत्तरावर न थांबता मी मूळ पान उघडतेच.

दुसऱ्या प्रश्नाने मला फार अस्वस्थ केले. शाळेत मुलांना मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई आहे, त्याविषयी मराठीत काय लिहिले गेले आहे ते पाहावे म्हणून मी ‘शाळेतील शिक्षा’ असे शब्द दिले. आली ती हिंदी पाने, प्रवेश आणि शिष्यवृत्तीची, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. ‘शाळेतील’ हा शब्द उघड मराठी असताना यंत्राने दोन्ही भाषांना एकच लिपी म्हणून एकत्र घातले होते.

आपली विभक्तीही त्याला अडते. ‘बडोदे’ लिहिले तर ‘बडोद्यात’ आणि ‘बडोद्याच्या’ असलेली पाने सुटतात, म्हणून मी तिन्ही रूपे वेगवेगळी देऊन पाहते. इथल्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीसाठी ‘नवलखी वावेच्या पायऱ्या’ असे शोधताना आणखी एक गोष्ट कळली. ‘पायऱ्या’तला र संगणकावर दोन निरनिराळ्या तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात, पण आत साठवलेले संकेत वेगळे असतात. ही दोन रूपे एक आहेत हे यंत्राला शिकवलेले नसेल, तर एका तऱ्हेने शोधणाऱ्याला दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सापडत नाही.

एका बाबतीत मात्र नवे आणि जुने दोन्ही सर्च इंजिन सारखीच हतबल ठरली, आणि तिथे दोष त्यांना देता येणार नाही. आमच्या गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिका एका संकेतस्थळावर ठेवलेल्या आहेत, पण त्या युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची एकसारखी संकेतपद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे आपल्याला जिथे ‘आरती’ दिसते तिथे यंत्र निरर्थक रोमन अक्षरे वाचते. त्यांतल्या एका स्मरणिकेतला बडोद्याच्या जुन्या मराठी वाड्यांवरचा लेख मी गेल्या रविवारपासून युनिकोडमध्ये टंकायला घेतला आहे. चार पाने झाली आहेत.