पिवळं पान जुनं की नवं?

नमस्कार श्रोतेहो.

फिशटँकमधले मासे मजेत असतात, पाणी नितळ असतं, आणि तरी झाडांची पानं पिवळी पडायला लागतात. अशा वेळी बहुतेकांच्या हाताला पहिली लागते ती लोहाच्या खताची बाटली. ती उघडण्याआधी टाकीसमोर बसा आणि एवढंच बघा, पिवळं पडलेलं पान जुनं आहे की नवं?

नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम, हे तिन्ही आणि मॅग्नेशियम झाडाला हलवता येतात. तुटवडा आला की झाड ते जुन्या पानातून काढून कोवळ्या शेंड्याला पुरवतं, म्हणून जुनं पान आधी पिवळं पडतं. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा पानात बसले की हलत नाहीत. त्यांची कमतरता नव्या पानावर दिसते. हायग्रोफिला, रोटाला यांसारख्या दांड्याच्या झाडांत जुनी पानं बुडाशी असतात. अॅमेझॉन स्वोर्डमध्ये बाहेरच्या कडेची पानं जुनी आणि मधून येणारं पान नवं.

जुनं पान टोकापासून सुरू होऊन सगळंच्या सगळं, शिरांसकट, फिकट पिवळं झालं असेल, तर संशय नत्रावर घ्यावा. नायट्रेटची चाचणी करा. आकडा ५ पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर संशय पक्का. मासे थोडे आणि झाडं भरपूर अशा टाकीत हे हमखास होतं. वर तरंगती झाडं असली तर आणखी लवकर, कारण ती नत्र झपाट्याने ओढून घेतात. उपाय कृषी सेवा केंद्रात मिळतो. द्राक्ष बागायतदार वापरतात तेच १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. २५० मिली पाण्यात १० ग्रॅम विरघळवून ठेवा. दोन फुटी टाकीत, म्हणजे वाळू-दगड वगळून साधारण ४५ लिटर पाण्यात, या द्रावणाचे ५ मिली टाकले की नायट्रेट जवळपास पावणेतीन पीपीएमने वाढतं. आठवड्यातून तीनदा टाका आणि चाचणीचा आकडा १० ते २०च्या दरम्यान आला की मात्रा कमी करा. १९:१९:१९ हे मिश्र खत किंवा युरिया मात्र टाकीत कधीही टाकू नका. १९:१९:१९ मधलं बरंचसं नत्र अमोनियम आणि युरियाच्या रूपात असतं, त्यातून अमोनिया होतो आणि मासे मरतात.

मासे जास्त असलेल्या टाकीत वेगळाच प्रकार दिसतो. नायट्रेट भरपूर, तरी जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात आणि कडा पिवळ्या होतात. माशांच्या खाद्यातून नत्र आणि स्फुरद पुरेसं मिळतं, पालाश तेवढं मिळत नाही. जावा फर्न आणि हायग्रोफिला हे लवकर दाखवतात. दोष गोगलगायींवर येतो, पण त्या बहुतेक वेळा आधीच सडलेला भाग खातात. भोकाची कड भिंगाने बघा. भोवती पिवळी किंवा तपकिरी रिंग असेल तर पालाश कमी आहे. इथे १३:००:४५ नको, कारण नायट्रेट आधीच जास्त आहे. ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट घ्या. त्याच ४५ लिटरला १ ग्रॅमने पालाश सुमारे १० पीपीएम वाढतं. ते दोन-तीन दिवसांत विभागून द्या. जावा फर्नच्या पानामागचे रांगेतले तपकिरी ठिपके मात्र बीजाणूंचे असतात, त्यांवर औषध शोधू नका.

जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे मॅग्नेशियमचं लक्षण. बोअरच्या जड पाण्यात ते सहसा कमी पडत नाही. पण टाकी निव्वळ आरओच्या पाण्यावर चालली असेल, किंवा मुंबईसारखं तलावाचं मऊ पाणी असेल, तर कमी पडू शकतं. एप्सम सॉल्ट ४५ लिटरला १ ग्रॅम टाकलं की मॅग्नेशियम सव्वादोन पीपीएमने वाढतं. पाणी बदलताना जेवढं काढलं, तेवढ्याच प्रमाणात पुन्हा घाला.

आता नवं पान. शेंड्याची पानं फिकट, कधी पांढुरकी, आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडे बघा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी इथे सामू, म्हणजे पाण्याचा पीएच तपासावा. लोह पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून ते ईडीटीए किंवा डीटीपीए या रसायनांत बांधून विकतात. ईडीटीए प्रकारचं लोह सामू ६.५ च्या वर गेला की हळूहळू निसटायला लागतं. डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकतं. सामू पावणेआठ असलेल्या टाकीत ईडीटीए कितीही ओता, झाडाच्या वाट्याला थोडंच येतं. अशा वेळी डीटीपीए लोह रोज थोडं थोडं द्यावं, आणि स्वोर्डसारख्या मुळांवर जगणाऱ्या झाडाच्या बुडाशी वाळूत रूट टॅब, म्हणजे मुळांसाठीची खताची गोळी खोचावी. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट टाकू नका, तो पाण्यात गंजाच्या रंगाचा गाळ होऊन बसतो. तांबं असलेलं मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्य घेताना लेबल वाचा. कोळंबीला आणि गोगलगायींना थोडं तांबंही झेपत नाही.

खत कमी नसतानाही पानं पिवळी पडतात. नव्या आणलेल्या क्रिप्टोकोरीन या वनस्पतीची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. पाणी बदललं, जागा बदलली, की ती असं करते. मुळं टणक असतील तर उपटू नका, नवी पानं येतील. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेला स्वोर्डही सुरुवातीच्या काही आठवड्यांत जुनी पानं टाकतो. अॅन्युबियस या झाडाचा आडवा कंद वाळूत पुरला असेल तर तो सडतो आणि पानं देठासकट पिवळी पडतात. कंद मोकळा करून दगडाला दोऱ्याने बांधा. दाट वाढलेल्या दांड्यांची खालची पानं उजेड न मिळाल्यानेही गळतात. तिथे कात्री चालवायची, खत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवडे थांबा. पिवळं झालेलं पान बहुधा पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे उपाय लागू पडला का हे नंतर आलेल्या पानावरून ठरवायचं. त्या काळात उजेड रोज ६ ते ८ तासच ठेवा. जास्त उजेडात झाडाची भूक वाढते आणि तुटवडा आणखी उघडा पडतो. अर्धंअधिक पिवळं झालेलं पान देठाच्या बुडाशी कापून टाकीबाहेर काढा. तसंच सोडलं तर ते सडून पाण्यात अमोनिया सोडतं.